दुधाला बंदी असलेलं घर

काकांच्या घरात दारू चालत होती, दूध चालत नव्हतं. भाड्याची खोली बघायला गेलो त्याच दिवशी त्यांनी मला हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. मित्र आले तर येऊ देत, बियर आणलीस तर फ्रिजमध्ये ठेव, मासे खा, मटण खा, कितीही उशिरा घरी ये. पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, पेढा आणि ज्याच्या पिशवीवर गाईचं चित्र आहे असा कुठलाही पदार्थ या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी दूध विचारतात. पण मुलुंडला स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली पुन्हा मिळाली नसती, म्हणून मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारा आठवडाभरात विसरेल. म्हातारा काही विसरला नाही.

गंमत म्हणजे या माणसाने सगळी नोकरी दुधात काढली होती. एका डेअरीत दूध तपासण्याच्या खात्यात ते होते. गावोगावहून आलेल्या कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि हा कॅन घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. पाणी घातलंय हे तर वासावरून कळायचंच, पण ते विहिरीचं आहे की नळाचं हेही कळायचं, असं ते सांगत. यातलं निम्मं खोटं असणार, पण नाक खरोखरच तिखट होतं. निवृत्त होताना त्यांनी डेअरीचा पांढरा कोट घरी आणला होता. तो घालून ते आता स्वयंपाकघरात नारळाच्या रसातले केक करत.

दुधाविरुद्ध त्यांचं एकच वाक्य होतं. ते मूळचे मालवणकडचे. एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलत, पण रागावले की मालवणीत घुसत. कुणी चहात दूध घालताना दिसला, कुणाच्या हातात लस्सीचा ग्लास दिसला, की ते थांबत आणि विचारत, "तू वासरू आसस काय रे?" हे त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलं आणि त्यांची हाडं ठिसूळ होताहेत, रोज कपभर दूध घ्या असं सांगणाऱ्या डॉक्टरलाही विचारलं. डॉक्टर गुजराती होता. त्याला नीट समजलं नाही हे बरंच झालं.

मला चहाशिवाय सकाळ होत नाही. काकांकडे पहिल्या दिवशी त्यांनी नारळाच्या रसाचा चहा केला. रस फाटला आणि कपात वर तेल, खाली चोथा आणि मध्ये कुठेतरी चहा, असे तीन मजले दिसायला लागले. काका स्वतः तो शांतपणे प्यायले. त्यानंतर मी खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला लागलो. वर आलो की काका दारातच उभे असत. "जरा हा कर बघू," असं म्हणत. मी तोंड उघडून श्वास सोडायचा आणि त्यांनी हुंगायचं. आमच्या गावात दारुड्यांच्या बायका ही तपासणी करतात. मी वेलदोडा चघळून यायला लागलो, तर त्यांनी वेलदोड्याखालचं दूध ओळखलं. बियर पिऊन आलो की मात्र पाठीवर थाप मारून आत घेत.

नारळ आणायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच होती. ते प्रत्येक नारळ कानाशी नेऊन हलवत, डोळे मिटून ऐकत आणि नकारार्थी मान हलवून खाली ठेवत. बाजारातला नारळवाला त्यांना येताना बघून गाडीमागे जाऊन मोबाइल काढायचा. घरी आल्यावर विळी, मग मिक्सर, मग पंच्यात घालून पिळणं. पहिला जाड रस केकसाठी, दुसरा आमटीसाठी, तिसरा भातात. नारळाचं दूध म्हटलेलं त्यांना खपत नसे. कोकणात त्याला रसच म्हणतात. अंधेरीच्या कॅफेंमध्ये हल्ली तोच रस व्हीगन या नावाखाली मोठ्या तोऱ्यात मिळतो, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "माझी आई आयुष्यभर तांदळाच्या शिरवाळ्यांवर रस ओतत आली. तिला कुणी व्हीगन म्हटलं नाही रे. अडाणी म्हणाले."

केक मात्र कोकणात करत नाहीत, त्यामुळे तो त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. मोबाइलवरच्या बायका बघून ते शिकत. रसात थोडं व्हिनेगर घालायचं, म्हणजे तो ताकासारखा होतो. अंड्याला त्यांची हरकत नव्हती. जाड रस फ्रिजमध्ये ठेवून फेटायचा, म्हणजे वरचं क्रीम होतं. मोबाइलवरच्या बाईच्या गावात हे होत असेल. मुलुंडच्या मे महिन्यात ते क्रीम केकवरून उतरून ताटलीत, ताटलीतून ओट्यावर आणि ओट्यावरून काकांच्या कोटावर येई. केक खाली दगड आणि वर शिरा अशा बेताने निघत. पहिला मान माझा. मी घास गिळून "चांगला आहे" म्हटलं की काका म्हणत, "खोटं बोलतोयस," आणि पुढचा नारळ फोडायला घेत.

सोसायटीत हे केक फुकट वाटले जात. लोक घेत, आभार मानत आणि ग्रुपवर अंगठे टाकत. चेअरमनसाहेब एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, "तुमच्या काकांचे केक फार हेल्दी असतात." चवीला बरं म्हणता येत नाही अशा पदार्थाला उपनगरांत हल्ली हेल्दी म्हणतात. ते त्यांच्या घरी नेमके कुठे जात ते मला ठाऊक नाही, पण इमारतीच्या मागच्या बाजूची मांजरं त्या सुमारास फारच हेल्दी दिसायला लागली होती.

हे सगळं म्हातारपणाचं खूळ आहे असंच मला वाटत होतं. खरी गोष्ट समोरच्या काकूंनी सांगितली. आमच्या दारासमोरच त्यांचं दार. मायाळू बाई, देवधर्म करणारी. माझे हाल बघून त्या मला अधूनमधून आपल्या घरी बोलावून दहीभात वाढत आणि निघताना चूळ भरायला लावत. अशाच एका दुपारी त्यांनी मला काकांच्या नातीबद्दल सांगितलं.

काकांचा मुलगा, सून आणि नात बोरिवलीला राहत. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये खरं तर फक्त एक जंगल आहे, पण बिबट्या सोडून बाकी सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं. नातीला जन्मापासून दुधाची अॅलर्जी. साधी नव्हे, जिवावर बेतणारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईबापांनी बजावलं होतं, पण काकांना ते पटेना. आयुष्य दुधात गेलेलं. दुधाने पोरगी मरते हे मान्य करायचं म्हणजे आपण इतकी वर्षं काय करत होतो असा प्रश्न पडणार. सूनबाई एकदा नातीला दुपारपुरती इथे सोडून गेली आणि काकांनी तिला बोटभर बासुंदी चाटवली. सवय होईल, म्हणाले. थोड्याच वेळात पोरीचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं होतं हिने? काका म्हणाले, केळं. पुन्हा विचारलं, तरी केळंच. सून धावत पोचली आणि तिने पोरीच्या फ्रॉकवरचा डाग बघितला, तेव्हा खरं काय ते कळलं.

पोरगी वाचली. सून काकांना एका शब्दानेही बोलली नाही. फक्त तेव्हापासून नात या घरात आली नव्हती. काका दर रविवारी बोरिवलीला जात, तिथल्या एका बागेत नातीला भेटत. सून पर्समधून पाण्याची बाटली काढे आणि काकांच्या हातावर धार धरे. साबण लावून हात धुतले की मग नातीला हात लावायचा. काकू म्हणाल्या, "आजोबाला नातीला शिवायला हात धुवावे लागतात हो. म्हणून ते असे झालेत." मी दहीभात खाल्ला, चूळ भरली आणि घरी आलो. काका दारात उभे होते. त्या दिवशी मी "हा" करताना चिडलो नाही.

यानंतर मी त्यांच्याबरोबर निमूटपणे जायला लागलो. अंधेरीच्या मॉलमध्येही गेलो, आणि तो प्रसंग मी विसरणं शक्य नाही. तिथे व्हीगन वस्तूंचं वेगळं कपाट होतं. काकांनी त्यातलं नारळाच्या दुधाच्या पावडरचं पाकीट उचललं, चष्मा वर केला, खाली केला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत सुटले. त्या पावडरमध्ये दुधातलं प्रथिन घातलेलं होतं. म्हणजे दूध टाळायला म्हणून घ्यायचं आणि त्यातून दूधच पोटात घालायचं. काकांनी कपाटासमोर ठाण मांडलं. जो कुणी ते पाकीट उचलेल त्याच्या हातात ते आपला चष्मा देत आणि "वाचा" म्हणत. जिमचे कपडे घातलेल्या एका बाईंनी त्यांना इंग्रजीत समजावलं की या कपाटात आहे म्हणजे ते व्हीगनच असणार. काकांनी त्यांनाही विचारलं, तुम्ही वासरू आहात का? मॅनेजर आला, मग सिक्युरिटीवाला आला. सिक्युरिटीवाला चिपळूणचा निघाला. त्याने चष्मा लावून पाकीट वाचलं आणि मॅनेजरला म्हणाला, "साहेब, म्हातारा बरोबर बोलतोय." तरीही आम्हाला बाहेर काढलंच. पुढच्या खेपेला पाकिटं त्याच कपाटात होती, फक्त खालच्या फळीवर, जिथे म्हाताऱ्या माणसाला वाकवत नाही अशा ठिकाणी.

आणि मग नातीनेच कोंडी फोडली. ती पहिलीत गेली होती. वर्गातल्या पोरांच्या वाढदिवसाला ती घरून डबा घेऊन जायची आणि सगळी पोरं केक खात असताना कोपऱ्यात बसून डब्यातली चिक्की खायची. तिने आईला विचारलं, आजोबा माझ्यासाठी केक करायला शिकलाय ना, मग माझा वाढदिवस आजोबाकडे का नाही? सगळ्यांना एकच केक द्यायचा, मी पण तोच खाणार. सून बघू म्हणाली. तिचं बघू म्हणजे काय ते काकांना पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी घरातला बारीकसारीक डबा घासायला काढला.

सून आधी एकटीच तपासणीला आली. बँकेत काम करणारी, कमी बोलणारी, शिष्टाचारात कुठेही न चुकणारी. तिने काकांना वाकून नमस्कार केला आणि मग स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून हुंगला. मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली बोट फिरवलं. ओव्हनची जाळी उजेडात धरून बघितली. सगळ्या तालुक्याचे कॅन तपासलेला माणूस पांढरा कोट घालून भिंतीला लागून उभा होता. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा. पण केक मी असतानाच कापायचा." ती गेल्यावर काकांनी माझ्यासाठी स्वतः खाली जाऊन बियर आणली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी ते कोट चढवून लवकरच ओट्याशी उभे राहिले. अंडं फुटून ओट्यावर सांडलं, मैदा दोनदा चाळला. काकू मदतीला आल्या. काकांनी त्यांचेही हात धुवून घेतले, साडीचा पदर खोचायला लावला आणि केकचा टिन पुसून तयार ठेवायचं काम दिलं. तेवढ्यात नारळ कमी पडला म्हणून ते मला घेऊन खाली गेले. परत आल्यावर रस पिळला, मिश्रण ओतलं, ओव्हन लावला. आणि त्या दिवशी केक असा फुगला की बघत राहावं. मध्ये खड्डा नाही, वर चीर नाही, सोनेरी रंग. काका ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसले होते. डोळे पुसत होते, चोंदलेलं नाक ओढत होते आणि ओव्हनची धग लागते म्हणत होते.

संध्याकाळी मुलगा, सून आणि नात आली. सोसायटीतली पोरं आली. नात घरभर फिरून आली, कारण तिला हे घर आठवत नव्हतं. काकांनी केक टेबलावर ठेवला, मेणबत्ती लावायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी शेजारीच होतो. त्यांच्या नाकपुड्या हलताना मला दिसल्या. त्यांनी मान वळवून काकूंना हळूच विचारलं, टिनला काय लावलं होतंत?

काकूही तितक्याच हळू आवाजात, अगदी कौतुकाने म्हणाल्या, "तूप. घरचं, साजूक. वाढदिवसासारखं शुभकार्य, आणि तेलाचा हात कसा लावायचा? घरून वाटीत आणलं थोडंसं."

त्यांच्या मनात खोट नव्हती. दुधाला बंदी आहे हे त्यांना पुरतं माहीत होतं, त्या दूध आणणारच नव्हत्या. पण आपल्याकडे तूप हे दुधात धरत नाहीत. ते देवाच्या खात्यात असतं. दिव्यात, होमात, वरणभातावर, बाळंतिणीच्या पानात. ते कुणाला बाधेल हे काकूंच्या स्वप्नातही आलं नसतं.

हे बोलणं आम्हा तिघांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नव्हतं. नातीने सुरी हातात घेतली होती. पोरं वाढदिवसाचं गाणं म्हणायच्या तयारीत होती. सून टेबलाच्या पलीकडे उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती, आणि मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच हसताना बघत होतो. मी काकांच्या कानाशी लागलो. म्हटलं, काका, मी धक्का मारून पाडतो केक. माझ्या हातून पडला म्हणू. कुणाला कळायचं नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मान डोलावतील. त्यांनी नातीच्या हातातली सुरी काढून घेतली, सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिने हा केक खायचा नाही. टिनला तूप लागलंय. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी आहे."

काकूंच्या चेहऱ्याचा रंग उडाला, त्या "तूप म्हणजे काही दूध का हो?" असं पुटपुटत भिंतीला टेकल्या. मुलगा वैतागून "बाबा, तुम्ही पण ना" म्हणाला. नातीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. काका कुणाकडेही न बघता मोरीत गेले आणि नळ सोडून कोपरापर्यंत हात धुवायला लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सुनेने मोबाइल खाली ठेवला. मुलीचे हात, तोंड, फ्रॉक नीट बघितला, तिला टेबलापासून दूर नेलं आणि मला केक झाकून काकूंच्या घरी न्यायला सांगितलं. मग पदर खोचून टेबल स्वतः साबणाने पुसलं. मला वाटलं, हे झालं की ती पर्स उचलणार आणि निघणार.

काका मोरीतून आले ते थेट ओट्याशी गेले. जाड रस शिल्लक होता. त्यांनी त्यात गूळ विरघळवला, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घातलं आणि जाड पोहे भिजवून त्यात टाकले. कोकणात दिवाळीला हे करतात. सून शेजारी उभी राहून बघत होती. तिने चमचाभर आधी स्वतः खाल्ले, जरा थांबली, मग मुलीला म्हणाली, ये. मेणबत्ती पोह्यांत उभी राहीना, सारखी कलंडत होती. शेवटी काकांनी ती बोटांत धरली आणि नातीने आजोबांच्या हातातली मेणबत्ती फुंकली. पोरांना केक नाही म्हणून वाईट वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही, कारण पोहे गोड होते आणि सगळ्यांच्या वाटीत तेच होते. नातीने दोन वाट्या खाल्ल्या. कुणालाही काही झालं नाही.

केक मी काकूंकडे बसून खाल्ला. खोटं कशाला बोला, काकांच्या हातचा तोच एक केक मी दुसऱ्यांदा मागून घेतला. काकू रडत होत्या, मी त्यांना समजावत होतो आणि खातही होतो. हे काकांना मी कधीच सांगितलं नाही.

मी परत आलो तेव्हा पोरं गेली होती. मुलगा नातीला घेऊन गाडीकडे उतरला होता. सून चपला घालायला दारापर्यंत आली होती, पण घालत नव्हती. काका तिच्यासमोर उभे होते, कोटाची बटणं लावत, सोडत.

ती म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टर विचारत होते ना, बाबा, तेव्हा असं बोलायला हवं होतं."

"व्हय गो," काका म्हणाले. "भियालंय मी."

तिने पर्स उघडली आणि एक जाडसर पेनासारखी वस्तू काढली. पोरीचा श्वास अडकला तर मांडीत टोचायचं ते इंजेक्शन. तिचा भाऊ परदेशातून पाठवतो.

"एक शाळेत असतं, एक माझ्याकडे. आता तिसरं मागवते, इथे ठेवायला," ती म्हणाली. "रविवारी सकाळी सोडते तिला. त्याआधी हे टोचायचं कसं ते शिकून घ्या."

काकांनी चष्मा चढवला, दाराची कडी आतून लावून घेतली आणि म्हणाले, "आत्ताच दाखव."